दगडाला भिऊ नका, बोअरचे पाणी तपासा

युरेनियम म्हटले की आपल्याला बॉम्ब आठवतो. मे २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने सात किलोंहून थोडे अधिक नैसर्गिक युरेनियम पकडले. त्याची किंमत एकवीस कोटी रुपये असल्याचे सांगितले गेले आणि राज्यभर खळबळ उडाली. प्रत्यक्षात त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय बाजारात तेवढ्या वजनाच्या युरेनियम ऑक्साइडचा भाव हजारांत मोजला जात होता. नैसर्गिक युरेनियमपासून बॉम्ब घरात बनत नाही, तो गोदामातही बनत नाही. तरीही बातमी मोठी झाली. मात्र एक लिटर पाण्यात तीस मायक्रोग्रॅमहून अधिक युरेनियम असेल, तर त्याची बातमी होत नाही. त्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि चवही बदललेली नसते.

आपण भितो ते चुकीच्या गोष्टीला, हे माझे म्हणणे आहे. पिवळा-हिरवा चमकणारा किरणोत्सारी दगड आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात कधी येणार नाही. ज्या रासायनिक क्रियेतून तो दगड बनतो, तीच क्रिया मात्र कठीण खडकातल्या बोअरच्या पाण्यात युरेनियम आणू शकते. म्हणून आधी हा दगड समजून घेऊ आणि मग सावनेर तालुक्यातल्या खाप्याकडे येऊ.

युरेनियमची खनिजे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिली प्राथमिक. ही जमिनीच्या खोल भागात, उष्णतेत, जिथे ऑक्सिजन जवळपास नसतो अशा ठिकाणी तयार होतात. युरेनिनाइट हे त्यातले मुख्य खनिज. ते काळे आणि हाताला जड लागते. १७८९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोथ यांनी याच जातीच्या काळ्या दगडातून नवे मूलद्रव्य ओळखले आणि आठ वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला युरेनियम हे नाव दिले.

दुसरी दुय्यम खनिजे. काळा दगड उघड्यावर आला, त्याच्या भेगांतून पावसाचे पाणी मुरू लागले, की या खनिजांची गोष्ट सुरू होते. पावसाच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो. खोलवरच्या युरेनियमचा प्रत्येक अणू चार धन भार घेऊन बसलेला असतो आणि या रूपात तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ऑक्सिजनशी गाठ पडली की त्याचे आणखी दोन इलेक्ट्रॉन जातात आणि भार सहा होतो. मग तो दोन ऑक्सिजन अणूंना जोडून घेऊन ‘युरेनिल’ नावाचा आयन बनवतो. हा आयन पाण्यात सहज विरघळतो. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर त्याच्याशी जोडी जमवून तो आणखी दूरवर जातो.

वाटेत या युरेनिलला जोडीदार भेटला, की तो पुन्हा स्फटिक होऊन बसतो. फॉस्फेट आणि कॅल्शियम भेटले तर ऑट्युनाइट बनते, लिंबासारखे पिवळे किंवा पोपटी, अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवे दिसणारे. फ्रान्समधल्या ओतँ गावावरून त्याला हे नाव पडले. कॅल्शियमच्या जागी तांबे आले तर टॉर्बर्नाइट, पाचूसारखे हिरवे. पोटॅशियम आणि व्हॅनेडियम असेल तर कार्नोटाइट, हळदीच्या पुडीसारखे. सिलिका असेल तर युरेनोफेन, बारीक पिवळ्या सुयांसारखे. सगळ्यांच्या पोटात तोच युरेनिल असतो, सोबती तेवढे वेगळे.

या रंगीत दगडांपैकी टॉर्बर्नाइटचे विज्ञानावर मोठे ऋण आहे. १८९८ मध्ये मेरी क्युरी निरनिराळी खनिजे तपासत होत्या. टॉर्बर्नाइटमधून शुद्ध युरेनियमच्या दुपटीहून अधिक किरणोत्सार होत असल्याचे त्यांना दिसले. त्यात युरेनियमखेरीज तांबे, फॉस्फेट आणि पाणी आहे, तर किरणोत्सार कमी हवा होता. त्यांनी तेच खनिज प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवून पाहिले. ते अपेक्षेप्रमाणे कमी किरणोत्सारी निघाले. याचा अर्थ निसर्गातल्या दगडात आणखी काहीतरी दडलेले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झाले. युरेनियमचा क्षय होताना ही मूलद्रव्ये तयार होत जातात आणि दगडात साचत राहतात.

मग असा दगड घरात ठेवणे धोक्याचे आहे का? हल्ली छंद म्हणून खनिजे जमवणाऱ्यांची संख्या वाढली आहे, म्हणून हे सांगायला हवे. युरेनियममधून मुख्यतः अल्फा कण निघतात. ते कागदाच्या पानानेही अडतात आणि त्वचेच्या मृत थरापलीकडे जात नाहीत. बोटाएवढा तुकडा काही मिनिटे हातात धरल्याने आजार होत नाही. पण ऑट्युनाइट मऊ असते. कोरड्या हवेत त्यातले पाणी निघून जाते आणि ते भुरभुरीत होते. ही धूळ श्वासातून फुप्फुसात गेली, तर तेच अल्फा कण आतल्या पेशींना थेट इजा करतात. शिवाय अशा दगडातून रेडॉन वायू बाहेर पडत राहतो. त्यामुळे तो झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, घासू-फोडू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. शिवाय युरेनियमवर कायद्याने सरकारचे नियंत्रण आहे. तो बाजारात विकत घेण्याचा माल नव्हे.

दगडाचा धोका एवढाच, आणि तो दूर ठेवणे आपल्या हातात आहे. पाण्याचे तसे नाही. युरेनिलला फॉस्फेट भेटले नाही, व्हॅनेडियम भेटले नाही, स्फटिक बनण्याइतके प्रमाणही जमले नाही, तर तो विरघळलेलाच राहतो. आणि वाटेत बोअर आला तर पंपातून वर येतो. यासाठी जवळपास युरेनियमची खाण असावी लागत नाही. पृथ्वीच्या कवचात सरासरी दर टनाला अडीच-तीन ग्रॅम युरेनियम असतेच. ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीच्या खडकांत ते याहून अधिक असते, तर काळ्या बेसॉल्टमध्ये बरेच कमी.

इथे खाप्याचा संबंध येतो. सावनेर तालुका हा भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक दिवसाची सहल पुरेल असा प्रदेश आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे, सावनेरकडे गोंडवाना काळातले कोळशाचे थर आहेत आणि कन्हान नदीकाठच्या खाप्याच्या बाजूला सौसर समूहाचे पुरातन रूपांतरित खडक. नाइस, शिस्ट आणि मँगनीजयुक्त थर यांचा हा पट्टा मनसर, कांद्रीमार्गे पुढे भंडारा-बालाघाटपर्यंत जातो. खाप्याजवळची गुमगावची खाण याच पट्ट्यात आहे. या पट्ट्याचा सविस्तर अभ्यास करणाऱ्या फर्मोर यांनी इथल्या मँगनीजयुक्त खडकाला गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते आजही जगभर वापरले जाते. थोडक्यात, एकाच तालुक्यातल्या दोन गावांचे पाणी पूर्णपणे वेगळ्या खडकांतून येऊ शकते. एका गावाचा अहवाल दुसऱ्या गावाला लागू पडत नाही, कधीकधी एका गल्लीचा दुसऱ्या गल्लीलाही नाही.

मँगनीजच्या पट्ट्यातल्या लोकांना पाण्यातले मँगनीज ओळखू येते. गुंडाच्या आत काळसर थर धरतो, कपड्यांवर डाग पडतात, पाण्याला धातूची चव येते. त्यामुळे ‘पाणी खराब आहे’ हे डोळ्यांनाच कळते आणि डोळ्यांना काही दिसले नाही तर पाणी चांगले, असा समज होतो. युरेनियमच्या बाबतीत हा समज फसतो. मँगनीज आणि युरेनियम यांचा स्वभाव अगदी उलटा आहे. मँगनीज ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात विरघळते आणि ऑक्सिजन मिळाला की काळा साका होऊन खाली बसते. युरेनियम ऑक्सिजन असलेल्या पाण्यात विरघळते आणि ऑक्सिजन संपला की खाली बसते. म्हणजे काळे डाग न पडणारे, हवेशी संपर्क असलेले, नितळ पाणी मँगनीजच्या हिशेबाने उत्तम ठरेल. पण युरेनियम विरघळायला नेमकी तशीच परिस्थिती लागते. नितळ पाण्यात युरेनियम असतेच असे मुळीच नाही. पण नितळपणा हा त्याच्या नसण्याचा पुरावा नव्हे.

आता आरोग्याविषयी. पाण्यातल्या युरेनियमचा मुख्य धोका किरणोत्साराचा नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. युरेनियम-२३८ चे अर्धे आयुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षांचे आहे. इतक्या संथपणे क्षय पावणाऱ्या पदार्थाच्या काही मायक्रोग्रॅममधून होणारा किरणोत्सार अगदी थोडा असतो. खरा प्रश्न रासायनिक विषारीपणाचा आहे. युरेनियम हा शिसे किंवा कॅडमियमसारखाच एक जड धातू आहे. प्यायलेल्या युरेनियमपैकी एक-दोन टक्केच रक्तात शिरते आणि त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. मात्र जाताना ते मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींना त्रास देते. याच पेशी गाळलेल्या रक्तातले उपयुक्त पदार्थ परत शोषून घेत असतात.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आणि भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये तीच मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या मानकात घातली. त्याआधी आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा वापरली जात होती. ती किरणोत्साराच्या हिशेबाने काढलेली होती.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेचीच मर्यादा १९९८ मध्ये २ मायक्रोग्रॅम होती, पुढे १५ झाली आणि मग ३०. पुरावे वाढले तशी मर्यादा सैल झाली, मग एवढी काळजी कशासाठी? फिनलंडमध्ये ग्रॅनाइटमधल्या खोल बोअरचे पाणी लोक वर्षानुवर्षे पितात. तिथे युरेनियमचे प्रमाण या मर्यादेच्या कितीतरी पट आढळले आहे. त्या लोकांच्या अभ्यासात मूत्रपिंडाच्या नलिकांच्या कामात सूक्ष्म फरक दिसले, मूत्रपिंडे निकामी झाल्याचे दिसले नाही. म्हणून कोणी ‘पाण्यात युरेनियम, गावाला कर्करोग’ असे मथळे दिले तर विश्वास ठेवू नये. विदर्भात कुठेही मूत्रपिंडाचे रुग्ण वाढले की लगेच त्याचे खापर युरेनियमवर फोडणेही शास्त्राला धरून नाही.

पण हा आक्षेप विदर्भाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. पाण्याची मानके ठरवताना प्रौढ माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे धरले जाते. फिनलंडमधल्या कचेरीत बसणाऱ्या माणसासाठी हा हिशेब बरोबर आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत संत्र्याच्या बागेत, वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर राबणारा माणूस याच्या दुप्पट-तिप्पट पाणी पितो. तितक्याच प्रमाणाचे पाणी त्याच्या शरीरात दुप्पट-तिप्पट युरेनियम नेते. घामाने शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. त्यात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ताण आणखी वाढतो. म्हणून मर्यादेच्या आसपासचा आकडा आपल्याकडे हलक्याने घेण्याचा नाही.

दुसरी गोष्ट आपल्या शेतीच्या पद्धतीची. २०१८ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधल्या विहिरींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. राजस्थानातल्या तपासलेल्या विहिरींपैकी सुमारे एक तृतीयांश विहिरींत युरेनियम ३० मायक्रोग्रॅमच्या वर होते. मूळ स्रोत खडकातलाच होता. पण संशोधकांनी त्याला हातभार लावणाऱ्या मानवी कारणांकडेही बोट दाखवले: उपशामुळे खाली जाणारी भूजल पातळी आणि खतांमधून झिरपणारे नायट्रेट. पाणी खाली गेले की पूर्वी बुडालेला खडक हवेच्या संपर्कात येतो. नायट्रेट तर ऑक्सिजनचेच काम करते, युरेनियमला विरघळणाऱ्या रूपात नेते. अमेरिकेतल्या हाय प्लेन्स आणि कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅली या दोन मोठ्या भूजल क्षेत्रांतही नायट्रेट आणि युरेनियम यांचा संबंध २०१५ मधल्या अभ्यासात दिसला होता. दरवर्षी बोअर आणखी पन्नास फूट खाली नेणारा आणि युरियाची पोती वाढवणारा आपला शेतकरी नकळत हाच प्रयोग आपल्या जमिनीत करत असतो.

मग करायचे काय? सगळ्यात खटकणारी बाब इथेच आहे. या विषयाची जाणकार माणसे नागपुरातच बसतात. अणुखनिज संचालनालयाचे मध्य विभागीय कार्यालय इथे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे आणि केंद्रीय भूजल मंडळाचे विभागीय कार्यालय इथे आहे. पाणी आणि पर्यावरणावर काम करणारी ‘नीरी’ इथलीच. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्ह्यात काम आहे. अणुखनिजे शोधण्याची एक रूढ पद्धतच मुळी विहिरी-नाल्यांचे पाणी तपासण्याची आहे. पाण्यात युरेनियम वाढले की खडकात कुठे ते साचले असेल याचा माग काढता येतो. खनिजासाठी जे पाणी तपासले जाते, तेच पाणी कोणीतरी पीतही असते. मग त्या मोजणीचा उपयोग आरोग्यासाठी का होऊ नये?

दुसरीकडे गावात पाणी तपासायला जो संच मिळतो, त्यात सामू, कठीणपणा, क्लोरीन, लोह, नायट्रेट, फ्लोराइड अशा गोष्टी असतात. युरेनियम त्यात नसते. त्यामुळे ‘पाणी पिण्यायोग्य’ असा शेरा मिळतो आणि विषय संपतो. चंद्रपूर-यवतमाळमध्ये फ्लोराइडने दात आणि हाडे खराब झाल्यावर ते गावोगाव तपासायला आपण शिकलो. युरेनियमसाठी तसे रुग्ण मोजण्याची वाट पाहू नये.

मोजणे आता अवघड राहिलेले नाही. ऑट्युनाइट अतिनील प्रकाशात हिरवे चमकते, त्याच गुणावर हे उपकरण चालते. पाण्याच्या नमुन्यात फॉस्फेटचा एक क्षार घालतात, त्यावर ठरावीक प्रकाश टाकतात आणि युरेनिलची हिरवी चमक मोजतात. लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आसपासचे प्रमाणही यातून कळते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने पाण्यातले युरेनियम मोजणारे लेसरवर चालणारे उपकरण भारतातच विकसित केले आहे. जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत असे एक उपकरण आणि ते चालवणारा एक प्रशिक्षित माणूस, एवढीच ही मागणी आहे.

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. कठीण खडकाच्या पट्ट्यातल्या ज्या बोअरचे पाणी लोक पितात, त्या प्रत्येक सार्वजनिक बोअरची युरेनियमसाठी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, तपासणी व्हावी. आकडा ग्रामपंचायतीच्या किंवा नगर परिषदेच्या फलकावर लागावा. नुसते ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ पुरेसे नाही. आणि शाळा, आश्रमशाळा, अंगणवाड्या यांच्या बोअरना पहिला क्रम मिळावा, कारण वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा अधिक पाणी पितात.

घरगुती बोअर असणाऱ्यांनीही हे करता येईल. पंप काही मिनिटे चालू ठेवून स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना घ्या. प्रयोगशाळेला ‘युरेनियमही तपासा’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर ते नेहमीच्या यादीपुरतेच तपासतील. आकडा ३० च्या बराच खाली आला तर निर्धास्त प्या. वर आला तर घाबरून जायचे कारण नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरे पाणी वापरा, नळाचे किंवा तपासून घेतलेल्या उथळ विहिरीचे. नद्यांच्या वाहत्या पाण्यात युरेनियम सहसा फार कमी असते. अंघोळ, कपडे, भांडी यांना बोअरचे पाणी चालते, कारण त्वचेतून युरेनियम फारसे आत जात नाही. पाणी उकळून काही उपयोग नाही. वाफ उडून जाते आणि युरेनियम भांड्यात उरते, म्हणजे प्रमाण वाढतेच. आरओ यंत्र बहुतांश युरेनियम काढते, पण त्यासोबत उपयुक्त क्षारही काढते आणि बरेच पाणी वाया घालवते. म्हणून आधी तपासणी आणि गरज पडली तरच यंत्र, हा क्रम बदलू नका. विक्रेता नेमका उलटा क्रम सांगेल.

खाप्याच्या परिसराने शंभरहून अधिक वर्षे देशाला मँगनीज दिले आहे. जमिनीखालचा खडक काय देतो हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. तोच खडक पाण्यात काय मिसळतो, याचा आकडाही त्याला मिळायला हवा. तो देण्यासाठी लागणारे ज्ञान आणि माणसे जिल्ह्याच्याच ठिकाणी आहेत.